जागा आमची, चिठ्ठी त्यांची

कोल्हापूरच्या वहिनींनी परवा फोनवर विचारलं, "सहा महिने इंग्लंडात राहून आलीस, काय काय पाहिलंस?" मी म्हटलं, "एका फ्लॅटचा करारनामा पाहिला. अठ्ठेचाळीस पानांचा, अथपासून इतिपर्यंत." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. थट्टा नव्हती. तो कसा आणि का वाचावा लागला, ते सांगते.

लेक-जावई रेडिंगला राहतात. लंडनच्या पश्चिमेला, रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर. स्टेशन चालत दहा मिनिटांवर. इमारतीच्या मागे प्रत्येक फ्लॅटला गाडीची एक जागा, यांची २७ नंबरची. फ्लॅट घेतला तेव्हाच ती करारात लिहून मिळालेली. पण स्टेशन जवळ असल्यामुळे बाहेरचे लोक सकाळी तिथे गाड्या ठोकून खुशाल लंडनला जायचे. रहिवाशांनीच तक्रार केली, मग इमारतीचा कारभार पाहणाऱ्यांनी पार्किंगवर लक्ष ठेवायला एक खाजगी कंपनी नेमली. खांबांवर पाट्या लागल्या, घरोघरी गाडीचा नंबर छापलेलं एकेक कागदी परमिट आलं. ते गाडीच्या पुढच्या काचेतून दिसेल असं ठेवायचं. म्हणजे आपल्या शेताला कुंपण आपणच मागून घेतलं. (पुढची म्हण कुणाला आठवली तर मी जबाबदार नाही.)

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिथे होतो. एका रविवारी मी गाडी आतून स्वच्छ पुसून काढली. रिकामं बसवत नाही, दुसरं काय! पुसताना परमिट सरकून सीटच्या फटीत पडलं, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. सोमवारी सकाळी काचेवर पिवळ्या रंगाची पाकीटवजा चिठ्ठी. आत १०० पौंडांची मागणी. १४ दिवसांत भरले तर ६०. साठ पौंड म्हणजे जवळजवळ सात हजार रुपये! पाहुणी म्हणून आले आणि पोरांच्या डोक्यावर हे ओझं ठेवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लेक म्हणाली, "आई, जाऊ दे. साठ भरू आणि मोकळे होऊ." तिला वेगळीच काळजी होती. घराच्या कर्जाची मुदत संपत आली होती, नवीन कर्ज घ्यायचं होतं. कोर्टबिर्ट झालं आणि नावावर डाग लागला तर बँक दारात उभी करणार नाही, ही भीती. ही भीती अगदीच खोटी नाही. चिठ्ठीकडे दुर्लक्ष केलं तर या कंपन्या खरंच दिवाणी दावा लावतात. दाव्याला उत्तर दिलं नाही, तर निकाल आपोआप विरुद्ध जातो. पण तक्रार केली म्हणून डाग लागत नाही. दावा हरला आणि तरीही महिन्याभरात पैसे भरले नाहीत, तर लागतो. हे समजून घ्यायला मला तीन दिवस लागले. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बाईचं इंग्रजी ते, मोबाइलमधल्या शब्दकोशाला हाताशी धरून चाललेलं.

भाषेची शिक्षिका म्हणून मला पहिली खटकली ती त्या चिठ्ठीची भाषा. वर ठळक अक्षरांत पीसीएन. तिथल्या नगरपालिकेच्या दंडाच्या पावतीलाही पीसीएनच म्हणतात. फरक पहिल्या अक्षरात. पालिकेच्या पावतीतला 'पी' पेनल्टीचा, म्हणजे दंड. खाजगी कंपनीच्या चिठ्ठीतला 'पी' नुसत्या पार्किंगचा. तो दंड नव्हेच. तुम्ही आमच्या पाटीवरची अट मोडली, म्हणजे आपला करार मोडला, त्याचे एवढे द्या, असं ते बिल आहे. दंड करण्याचा अधिकार सरकारचा, किराणा दुकानदाराचा नाही. पण रंग तोच, आद्याक्षरं तीच आणि भाषाही तशीच दरडावणारी. घाईत माणूस वाचतो आणि पाकीट काढतो.

पूर्वी हे लोक गाडीच्या चाकाला लोखंडी जबडा लावायचे. २०१२ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जागेत ते बंद केलं. पण त्याच कायद्याने, गाडी कोणी लावली हे कळलं नाही तर काही अटींवर मालकाकडून वसूल करण्याची सोयही करून दिली. मालकाचं नाव-पत्ता सरकारी वाहन खात्याकडून मिळतो, दर नोंदीला अडीच पौंड.

आमच्याकडची काही मंडळी ठासून सांगतात की खाजगी चिठ्ठी फाडून टाकायची, काही होत नाही. तसं करू नका. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात असंच एक प्रकरण गेलं होतं. चेम्सफर्डच्या बाजारपेठेतली जागा, दोन तास फुकट, गृहस्थ जवळजवळ तासभर जास्त थांबले. ८५ पौंड मागितले होते, न्यायालयाने ते योग्य ठरवले. एकाने जागा अडवून धरली तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळत नाही, तेव्हा जागा हलती ठेवण्यासाठी थोडा धाक हवा, असा सूर. मला तो निकाल पटतो. फुकटाच्या जागेत जो रेंगाळला त्याने भरावेत.

पण आमची २७ नंबरची जागा कोणासाठी हलती ठेवायची होती? तिथे दुसरी गाडी लागूच शकत नाही. आम्ही नेमकं कोणाचं अडवलं?

म्हणून मी करारनामा मागितला. जावयांनी तो कपाटातून शोधून दिला, चेहऱ्यावर हसू लपवत. चौथ्या दिवशी दुपारी एकतिसाव्या पानावर सापडलं. २७ क्रमांकाची जागा वापरण्याचा हक्क या फ्लॅटच्या धारकालाच. परमिट लावलं तर, असं कुठेही नाही. पाटी नंतर आली, कंपनी नंतर आली. दोघांनी सह्या करून केलेला करार तिसऱ्याने खांबावर पत्रा ठोकून बदलायचा? ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात २०१६ साली अपिलात अशीच गोष्ट निघाली होती. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका बाईंनी टेबल उतरवून घ्यायला दाराशी गाडी थांबवली, तर त्यांना चिठ्ठी. न्यायाधीशांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला. सामान उतरवायला थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे, आणि घराच्या करारातले हक्क पार्किंग कंपनीला परस्पर बदलता येत नाहीत. तो निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण अर्जात दाखवायला उत्तम.

अर्ज मी मराठीत लिहिला, जावयांनी इंग्रजीत केला. रागाची वाक्यं त्यांनी गाळली, ते बरंच केलं. सोबत परमिटचा फोटो, एकतिसावं पान, ऑक्सफर्डच्या निकालाचा उल्लेख. एवढंच. परमिट पाहुण्या बाईने पाडलं, वगैरे काही लिहिलं नाही. गाडी कोणी लावली हेही नाही. लेकीने मालक म्हणून सही केली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. तुमच्याकडे परमिट आहे हे आम्हाला मान्य आहे, पण ते दिसत नव्हतं, तेव्हा अट मोडली. तथापि (हे 'तथापि' बघा) २० पौंड भरल्यास प्रकरण मिटवू.

आता घरात खरा वाद सुरू झाला. साठाचे वीस झाले होते. लेक म्हणाली, "आई, वीस पौंडात दोघांचं जेवणसुद्धा होत नाही इथे. संपव ना." ह्यांनीही तिचीच बाजू घेतली. नाही म्हटलं, तर पुढचा मार्ग पॉपला. कंपन्यांच्या दोन संघटनांपैकी एकीच्या सभासदांविरुद्ध तिथे दाद मागता येते. फी नाही, निकाल कंपनीला बंधनकारक, आपल्याला नाही. पण तिथे गेलं की सवलत गेली. हरलो तर पुन्हा पूर्ण शंभराची मागणी. पैसे पोरांचे, हट्ट माझा.

जावई म्हणाले, "आई, रात्री फिरणाऱ्या त्या माणसाला कसं कळणार आपण इथलेच आहोत ते? नियम तर हवाच ना." खरं आहे. त्याने चिठ्ठी लावली याबद्दल माझी तक्रारच नाही. पुण्याच्या आमच्या सोसायटीतला वॉचमन गाड्या चेहऱ्याने ओळखतो, तसं तिथे नसतं. पण परमिट त्यांनीच छापलेलं, गाडीचा नंबर त्यांच्याच वहीत. पुरावा हातात आल्यावर, हो, तुम्ही इथलेच, असं लिहून झाल्यावर वीस पौंड कशाचे? कागद दिसला नाही म्हणून हक्क गेला का?

हे बोलता बोलता मी मध्येच थांबले. कारण मला बिल्ला आठवला.

८० च्या दशकातली गोष्ट. आमच्या शाळेत नियम होता, छातीवर बिल्ला नसेल तर वर्गात घ्यायचं नाही, चार आणे दंड. एक मुलगा, दोन वर्षं माझ्याच वर्गात. घटक चाचणीच्या दिवशी बिल्ल्याशिवाय आला. दोघा भावांत एक बिल्ला होता, तो धाकट्याने नेला होता. हे मला नंतर कळलं. दारात उभा राहून तो म्हणाला, "बाई, तुम्ही मला ओळखता की." मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." पेपर संपेपर्यंत तो व्हरांड्यात उभा होता. मी त्याला ओळखत होते. त्याचा हजेरी क्रमांक आजही सांगेन.

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी रेडिंगच्या स्वयंपाकघरात सांगितलं. कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने लेक उठली, लॅपटॉप घेऊन आली आणि म्हणाली, "सांग, पॉपलाला काय लिहायचं?"

माझं म्हणणं एवढंच आहे. परमिट ही खूण आहे, हक्क नव्हे. हक्क पटल्यावर चिठ्ठी विनाशर्त रद्द व्हावी, आणि हे कंपनीच्या मर्जीवर सोडू नये. २०१९ मध्ये तिथल्या संसदेने या कंपन्यांना शिस्त लावायचा कायदा केला. त्याखालची सरकारी नियमावली २०२२ च्या फेब्रुवारीत निघाली आणि कंपन्या कोर्टात गेल्यावर जूनमध्ये मागे घेतली गेली. २०२४ पासून कंपन्यांच्या संघटनांनी स्वतःच केलेली नियमावली लागू झाली. मग २०२५ च्या जुलैत सरकारने लोकांची मतं पुन्हा मागवली, म्हणजे सहा वर्षांनी परत श्रीगणेशा. मी जावयांच्या मागे लागून आमचंही मत पाठवलं.

आणि आमच्या अपिलाचं? ऑगस्टमध्ये दोन ओळींची मेल आली. पॉपलाने निकाल देण्यापूर्वीच कंपनीने 'सद्भावनेपोटी' मागणी मागे घेतली होती. म्हणजे निकाल नाही, चूक कबूल नाही, वर उपकार! मी तर तणतणले. मला एकतिसाव्या पानावर निकाल हवा होता. लेक म्हणाली, "आई, शंभर पौंड वाचले, आता पुरे!"

परमिट आता काचेला चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात असतं. त्याच्यामागे एकतिसाव्या पानाची झेरॉक्स, माझ्या आग्रहाखातर. आणि गाडी आतून पुसायची नाही, अशी मला सक्त ताकीद आहे.