घोकलेले आणि लिहिलेले

भाषेच्या मास्तराला शब्दांची झाडाझडती घेण्याची खोड असते. सध्या माझ्या तावडीत सापडलेला शब्द म्हणजे 'मेमरी'. फोन रेंगाळू लागला की लोक म्हणतात, 'मेमरी भरली'. लग्नाचे फोटो मावेनासे झाले तरीही 'मेमरीच भरली'! वस्तुतः या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत, आणि एकीचे औषध दुसरीला लागू पडेलच असे नाही. पैसे मोजून जादा कार्ड आणावे आणि फोनने मात्र आपली कासवाची चाल सोडू नये, असा अनुभव पुष्कळांना येतो.

फोनच्या खोक्यावर '८+१२८' असे काहीसे छापलेले असते. त्यातली ८ जीबी ही मेमरी, म्हणजे रॅम. १२८ जीबी हा साठा, म्हणजे स्टोरेज. वर्गातल्या भाषेत सांगायचे तर पहिली तोंडपाठ विद्या, दुसरी वहीतली.

तोंडपाठ म्हणण्याला कारण आहे. आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली. तीत शून्य-एकाची प्रत्येक खूण सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने धरलेली असते, आणि हा भार फुटक्या घागरीतल्या पाण्यासारखा सारखा झिरपत असतो. म्हणून चिपला साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळा धडा पुन्हा घोकावा लागतो. वीज गेली की घोकणे थांबले; घोकणे थांबले की पाटी कोरी! साठ्याचे तसे नाही. हार्ड डिस्कवर चुंबकीय खुणा उमटलेल्या असतात. फ्लॅश चिपमध्ये विद्युतभार निरोधक थरांत कोंडलेला असतो. वीज गेली तरी दोन्ही टिकतात.

मग सारे वहीतच का ठेवू नये? तर वेळ लागतो म्हणून. रॅममधला शब्द ओठांवर यायला एक सेकंद लागतो असे धरले, तर त्याच मापाने फिरत्या हार्ड डिस्कवरचा शब्द शोधून आणायला एक दिवसाहून अधिक काळ लागेल.

हा भेद माझ्या एका विद्यार्थिनीला फार महागात पडला. दुपारभर खपून तिने प्रबंधाची बारा पाने टंकली आणि वीज गेली. "सर, सगळे समोर दिसत होते हो!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. दिसत होते खरे. पण लिहिलेले नव्हते. संगणक ते नुसते घोकीत होता. ती बारा पाने तिने पुन्हा, आठवून आठवून लिहिली.

आजकाल पुष्कळ प्रोग्रॅम मधूनमधून आपणहून नोंद करून ठेवतात. सगळेच ठेवतात असे नाही. तेव्हा परिच्छेद संपला की 'सेव्ह' करण्याची सवय बरी. आणि वहीसुद्धा हरवते, म्हणून दुसरीकडे एक प्रत ठेवणे त्याहून बरे. फोन रेंगाळू लागला, तर मात्र कार्ड घेण्यापूर्वी दुकानदाराला एवढेच विचारावे, "अहो, भरले आहे काय, डोके की वही?"