रजा आणि रंकाळा

वैद्यकीय रजेवर असलेला एखादा कारकून किंवा शिक्षक सायंकाळी रंकाळ्याच्या काठाने सावकाश चालताना सहकाऱ्यांच्या दृष्टीस पडतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात चहाच्या वेळेला विषय मिळतो. ‘आजारपणाची रजा काढली आणि रंकाळ्यावर फेऱ्या मारतोय!’ असे कोणीतरी म्हणतो, बाकीचे हसतात. पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाविषयी असे बोलण्यास कोणी धजावत नाही. परंतु नैराश्याच्या आजारातून नुकताच सावरू लागलेल्या माणसाच्या अंगावर कोठेही पट्टी दिसत नाही. तो घरात पडून राहिला तर आळशी ठरतो आणि बाहेर पडला तर लबाड. वास्तविक दहा मिनिटांची ती फेरी ही त्याची चैन नव्हे. तो त्याच्या उपचाराचाच एक भाग असतो. हे ज्या दिवशी आपली कार्यालये आणि आपली घरे मान्य करतील, त्या दिवशी अनेकांचे बरे होणे सुकर होईल.

विषमज्वरातून उठलेल्या माणसाचे पथ्यपाणी आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ताप उतरला म्हणून त्याच दिवशी त्याच्या पुढ्यात तांबडा रस्सा कोणी ठेवत नाही. आधी पेज, मग मऊ भात, मग भाकरी, असा क्रम असतो. आणि पेज पिणारा माणूस कामचुकार आहे, असे कोणी मानत नाही. मनाच्या आजारालाही असे पेजेचे दिवस असतात, ही गोष्ट मात्र आपल्या गावीही नसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात साधारणपणे वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार गाठतो. तेव्हा हा प्रश्न दुसऱ्याच्या घरचा आहे, असे समजून कोणालाही स्वस्थ बसता येणार नाही.

या आजाराची रीत समजून घेतली पाहिजे. मन खचले की माणूस एकेक गोष्ट सोडू लागतो. आधी फिरणे सुटते, मग मित्र, मग वाचन आणि शेवटी वेळेवर अंघोळ-जेवणही. ज्या गोष्टींतून थोडे समाधान मिळत होते त्याच सुटल्यामुळे मन आणखी खचते, आणि मन खचल्यामुळे उरलेल्या गोष्टीही सुटत जातात. ‘बरे वाटले की उठेन’, असे रुग्ण म्हणतो. पण थोडे उठल्याखेरीज बरे वाटत नाही, अशी ही अडचण आहे. म्हणून मानसोपचाराच्या एका पद्धतीत मन सुधारण्याची वाट न पाहता कृतीपासून आरंभ करतात. काम लहान ठेवायचे, त्याची वेळ आधी ठरवायची, आणि त्या वेळी मन लागो वा न लागो, तेवढे करून वहीत टिपून ठेवायचे, एवढेच त्याचे सूत्र आहे.

हा केवळ सदुपदेश नव्हे. त्याचा पुरावा आपल्या शेजारी, गोव्यात आहे. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत या पद्धतीची पारख केली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण तीत होते. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. आणि भेटी अवघ्या सहा ते आठ. तीन महिन्यांनंतर, आरोग्य केंद्रातील नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आलेले आढळले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे समुपदेशन मिळालेल्यांत ते प्रमाण ६४ टक्के होते. लहान कृतींना हसणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. तसेच ६४ म्हणजे शंभर नव्हे, हेही विसरू नये.

कोल्हापुरातील मध्यमवर्गीय घरात या कृती कोणत्या असू शकतील? त्यांना पैसा लागत नाही. सकाळी ठरलेल्या वेळी अंथरूण सोडणे, अंघोळ करून स्वच्छ कपडे घालणे, गच्चीवर कोवळ्या उन्हात बसणे, कुंड्यांना पाणी घालणे, भाजी निवडणे, लसूण सोलणे. पहिल्या आठवड्यात रंकाळ्याला पुरती प्रदक्षिणा घालण्याचा संकल्प करू नये. घरापासून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले तरी पुष्कळ झाले. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात आहे. तेथे जाऊन वृत्तपत्राचे एक पान चाळावे. वाचलेले लक्षात राहिले नाही तरी खंत करू नये, कारण एकाग्रता उशिरा परतते. आठवड्यातून एकदा एकाच विश्वासू मित्राला घरी बोलवावे. एखादा दिवस काहीच जमले नाही तर तो पराभव मानू नये. दुखापतीतून उठलेल्या मल्लाला कोणताही शहाणा वस्ताद पहिल्याच दिवशी कुस्तीला उभा करत नाही. आधी चार बैठका, मग आठ. तालमीच्या या गावाला हे निराळे सांगायला नको.

मात्र दोन इशारे दिल्याखेरीज हा विषय पुरा होत नाही. पहिला असा की, ही पेज आहे, औषध नव्हे. ‘फिरायला जा, मन रमव, गोळ्या कशाला?’ हा सल्ला कितीही मायेने दिलेला असला तरी घातक आहे. नैराश्यावरील औषधांना गुण येण्यास सामान्यतः दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही ती कित्येक महिने चालू ठेवावी लागतात. ती थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांचा. दुसरा इशारा घरच्यांसाठी आहे. सुधारणेच्या आरंभी अनेकदा अंगात शक्ती आधी येते आणि मनातील काळोख मागून सरतो. म्हणून ‘आता हिंडू-फिरू लागला’ एवढ्यावर निर्धास्त न राहता याच काळात अधिक सोबत द्यावी. जगण्यात अर्थ नाही, असे शब्द कानी आले तर ते उडवून न लावता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य आहे.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न आणखी बिकट आहे. शिक्षिकेला शाळेतून रजा मिळते, पण चुलीपासून मिळत नाही. ‘आता घरीच आहेस ना,’ असे म्हणून पाहुण्यांचा स्वयंपाकही तिच्यावरच येतो. अशा घरात तिच्यासाठी पहिला उपचार म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने कुकर लावणे आणि तिला अर्धा तास केवळ तिचा म्हणून देणे.

कायद्याने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजेची तरतूद आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने लेखतो आणि रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा त्याचा हक्क मानतो. असे असूनही रजेच्या अर्जात खरे कारण दडवून ‘पाठदुखी’ लिहिण्याची वेळ माणसावर येते, याचा दोष नियमांकडे जात नाही. तो शेजारच्या टेबलाकडे जातो. मुख्याध्यापकांनी व कार्यालयप्रमुखांनी मनावर घेतले तर रुजू झालेल्या माणसाला पहिले काही दिवस हलके काम देणे आणि थकित फायलींचा ढीग एकदम पुढ्यात न टाकणे सहज शक्य आहे. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची आवश्यकता नाही.

आणि रंकाळ्यावर असा सहकारी दिसलाच, तर रजेची चौकशी करू नये. त्याची इच्छा दिसली तर चार पावले बरोबर चालावे, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याचा विषय काढू नये.