ज्याचे जळते त्याला कळते!

इराकवर स्वारी करण्याच्या अमेरिकेच्या बेताला जर्मनी आणि फ्रान्स यांनी विरोध केला, तेव्हा अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी २२ जानेवारी २००३ रोजी या दोन देशांची ‘जुना युरोप’ अशी संभावना केली. थकलेला, भित्रा आणि कालबाह्य, हाच त्या शब्दाचा ध्वनी होता. पुढे १४ फेब्रुवारीस फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपँ यांनी सुरक्षा समितीत तोच शब्द मानाने मिरविला. युद्धे, परचक्र आणि रानटीपणा भोगलेल्या जुन्या खंडातला एक जुना देश बोलत आहे, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. त्यावर सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

अमेरिका शूर आणि युरोप भेकड, असे तेव्हा एक पक्ष म्हणे. युरोप सुसंस्कृत आणि अमेरिका युद्धखोर, असे दुसरा. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकत होते. शौर्य आणि भ्याडपणा यांची वाटणी खंडांप्रमाणे झालेली नाही. युद्ध कोणाच्या अंगणात झाले आणि बळ कोणाच्या हाती आहे, या दोन गोष्टींवरून राष्ट्रांची वृत्ती ठरते.

फ्रान्समधील व्हर्दनची लढाई १९१६ साली दहा महिने चालली आणि सुमारे तीन लाख सैनिक तिने गिळले. जवळच्या दुओमाँ येथील स्मारकात सुमारे १,३०,००० अनोळखी सैनिकांच्या अस्थी आहेत. त्यांतल्या फ्रेंच कोणत्या आणि जर्मन कोणत्या, हे आज कोणासही सांगता येणार नाही. ज्या भूमीत अशी स्मारके आहेत, तिथली माणसे युद्धाचे नाव ऐकताच दचकली, तर तो भ्याडपणा म्हणावा काय? ब्रिटन, इटली आणि स्पेन यांची सरकारे अमेरिकेच्या बाजूची होती. तरीही १५ फेब्रुवारी २००३ रोजी लंडन, रोम आणि माद्रिद येथे युद्धाच्या निषेधार्थ अफाट जनसमुदाय रस्त्यावर उतरला.

उलट अमेरिकेचे पाहा. सहा लाखांहून अधिक बळी घेणारे तिचे यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्यानंतर त्या तोडीचे युद्ध तिच्या मुख्य भूमीवर झाले नाही. तिचे लाखो जवान पुढे परमुलखात लढले आणि धारातीर्थी पडले. पण घरे जळाली ती परक्यांची. अशा देशावर ११ सप्टेंबर २००१ रोजी घाला आला आणि सुमारे तीन हजार माणसे एका दिवसात प्राणांस मुकली. तो क्रोध आम्ही समजू शकतो. परंतु त्या क्रोधाचा रोख ज्या इराककडे वळविण्यात आला, त्याचा त्या घाल्यात हात नव्हता!

तथापि युरोपला कोणी संतपद बहाल करू नये. १९५६ साली सुएझसाठी इजिप्तवर चालून गेले ते ब्रिटन आणि फ्रान्सच. आणि पौंडाची नाडी आवळून त्यांना माघार घ्यावयास लावणारे आयसेनहॉवर अमेरिकेचे अध्यक्ष होते. अल्जीरियात १९५४ ते १९६२ फ्रान्सने काय केले, हे जगजाहीर आहे. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये घुसताच शांततेचे गोडवे गाणाऱ्या जर्मनीने सैन्यासाठी शंभर अब्ज युरोंचा निधी उभा केला. आग शेजारी लागताच पाणी शोधण्याची घाई युरोपलाही झाली.

आता हिशेब पाहू. ज्या संहारक अस्त्रांच्या नावाने इराकवर स्वारी झाली, त्यांचे साठे नव्हतेच, असा निर्वाळा अमेरिकेच्याच शोधपथकाने २००४ साली दिला. तोवर बगदाद पडून दीड वर्ष लोटले होते. त्या युद्धात आणि नंतरच्या यादवीत लाखाहून अधिक इराकी नागरिक मारले गेले. वॉशिंग्टन आणि पॅरिस यांचा वाद रंगला असता त्यांना कोणी विचारले होते? सद्दामच्या राज्यात त्यांना तोंड उघडण्याची सोय नव्हती, आणि बाँब पडू लागल्यावर विचारण्यात अर्थ उरला नव्हता.

म्हणून वाचकांस आमचे एवढेच सांगणे आहे: युद्धाची भाषा कोणीही करो, जुना खंड करो वा नवा, बाँब कोणाच्या छपरावर पडणार, हा प्रश्न त्यास आधी विचारावा. ‘दुसऱ्याच्या’ असे उत्तर ज्याच्यापाशी असेल, त्याचे शौर्य आम्हांस स्वस्त वाटते.