परदेशी भाषा आणि घरची शिदोरी

बोनकोडे येथील एका वाचकभगिनींचे पत्र या महिन्यात आमच्याकडे आले आहे. त्यांची कन्या बी. ए.च्या दुसऱ्या वर्षात असून, कॉलेजमार्फत एका सत्रापुरते स्पेन देशी जाऊन तेथील भाषा व संस्कृती यांचा अभ्यास करावा, असे तिच्या मनाने घेतले आहे. घरात मात्र एकमत नाही. आजोबा म्हणतात, "पोटापाण्याची विद्या असेल तर कर्जसुद्धा काढू, नुसती बोली शिकावयास सातासमुद्रापलीकडे कशाला जावयाचे?" वडिलांना खर्चाची विवंचना, आजींना खाण्यापिण्याची काळजी, धाकटे काका तेवढे पुतणीच्या बाजूचे. "आपण काय तो निवाडा सांगावा," अशी या बाईंची विनंती आहे. दुसऱ्याच्या घरचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु हा प्रश्न हल्ली पुष्कळ घरांत निघतो. यास्तव त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम हे शिक्षण म्हणजे काय ते पाहू. पदवीचा अभ्यास स्वतःच्या कॉलेजात चालू ठेवून त्यातील एखादे सत्र किंवा वर्ष परदेशात काढावयाचे, ही प्रथा अमेरिकेत रूढ झाली. १९२३ साली डेलावेअर विद्यापीठातील प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड हे आठ विद्यार्थी घेऊन फ्रान्सला गेले. तेथून ही रीत पसरली. आज स्पेनमधील सालामांका, ग्रानादा, माद्रिद इत्यादी ठिकाणी असे वर्ग चालतात. सालामांकाचे विद्यापीठ १२१८ साली स्थापन झालेले आहे. या वर्गांत आल्याबरोबर परीक्षा घेऊन विद्यार्थ्याची पायरी ठरवितात. मग व्याकरण, संभाषण आणि त्याच्या जोडीस इतिहास, चित्रकला, वाङ्मय यांवरील व्याख्याने. राहण्याची सोय पुष्कळदा एखाद्या स्पॅनिश कुटुंबात होते. सुमारे वीस देशांची राजभाषा असलेली आणि पन्नास कोटींच्या घरात लोकांची मातृभाषा असलेली ही भाषा आहे. तेव्हा तिला 'नुसती बोली' म्हणून झटकून टाकणे योग्य नव्हे, हे आजोबांना नम्रपणे सांगितले पाहिजे.

शिवाय ती आपणांस वाटते तितकी परकी नाही. ठाणे १७३७ पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, हे सर्वांस ठाऊक आहे. १५८० ते १६४० या साठ वर्षांत पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती. म्हणजे बोनकोड्याच्या खाडीपलीकडच्या ठाण्यावर तेव्हा नावापुरता का होईना त्याचाच अंमल होता. पोर्तुगीज व स्पॅनिश या दोघी लॅटिनच्या लेकी. त्यामुळे पोर्तुगीजांनी आपल्या घरात ठेवून दिलेले कित्येक शब्द स्पॅनिश शिकताना ओळखीचे भेटतात. आपला 'पगार' स्पॅनिशमध्ये 'पैसे देणे' या अर्थाचे क्रियापद आहे. 'बटाटा', 'पाव', 'साबण', 'चावी' यांची भावंडेही तेथे थोड्याफार फरकाने नांदत आहेत. व्याकरणात तर आणखी मौज आहे. इंग्रजीत आवडणाऱ्या माणसाला कर्ता करावे लागते. स्पॅनिशमधील 'मे गुस्ता' ही रचना मात्र हुबेहूब आपल्या 'मला आवडते' सारखी आहे. बरोबरीच्याला ते 'तू' म्हणतात, अगदी आपलाच 'तू'; आणि मोठ्या माणसाला 'उस्तेद' म्हणतात, ज्याचे मूळ 'आपली कृपा' या अर्थाच्या शब्दांत आहे. त, द यांचे उच्चारही आपल्याप्रमाणे दंत्य. मराठी मुलीने इंग्रजीच्या वाटेने न जाता थेट मराठीवरून ही भाषा शिकावी, म्हणजे अर्धे श्रम वाचतील.

परंतु येथेच आजोबांच्या शंकेतील खरा भाग पुढे येतो. भाषा इतकी सुगम असेल, तर तिचे पहिले पाठ घेण्यास परदेशी कशाला जावे? आमचे स्पष्ट मत असे की, त्यासाठी जाऊ नये. पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे जुन्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, स्पॅनिश शिकविली जाते; स्पेन सरकारची सेर्वान्तेस संस्था दिल्लीत आहे आणि तिच्यातर्फे 'देले' नावाची परीक्षा होते. युरोपात भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या मानल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन, किंबहुना तिसरीदेखील, घरी राहून चढता येते. क्रियापदांची रूपे पाठ करण्याकरिता माद्रिदच्या खोलीचे भाडे भरणे म्हणजे धुळाक्षरे गिरविण्यासाठी काशीला जाण्यापैकी आहे.

मग जावयाचे केव्हा? याचे उत्तर आपल्याच माणसांच्या चरित्रांत सापडते. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे क्रांतिकारक म्हणून देश सोडून गेले. अमेरिकेत त्यांनी शेतकीचे शास्त्र संपादन केले, गदर चळवळीत पडले, आणि पहिल्या महायुद्धानंतर इराण, बर्लिन, मॉस्को असे फिरत १९२४ साली मेक्सिकोत पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, त्यावर स्पॅनिशमध्ये पुस्तिका लिहिल्या आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा याने आपल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटणाऱ्या पुरुषाच्या रूपात रंगविले आहे. स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरात निवर्तले. खानखोजे मेक्सिकोत गेले ते शेतीची विद्या गाठीशी बांधून. शेतकऱ्याला बियाणे समजावून द्यावयाचे होते, म्हणून त्याची भाषा त्यांना हवी होती. ज्याला काही सांगावयाचे वा विचारावयाचे आहे, त्याच्या जिभेवर भाषा लवकर बसते. ज्यापाशी तसे काहीच नाही, तो दुकानदारापाशी भाव विचारण्यापलीकडे जात नाही.

भाषा कामासाठी असते, याचा दुसरा दाखला गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांचा. पोर्तुगीज भाषेवर प्रभुत्व मिळवून त्यांनी गोव्याच्या दप्तरखान्यातील कागद उलगडले आणि मराठ्यांच्या इतिहासावर मोलाचा प्रकाश टाकला. ज्याचे काम घरच्या कपाटात आहे, त्याने परदेशाच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

आणि वडीलधाऱ्यांच्या विरोधाविषयी म्हणाल, तर इरावतीबाई कर्वे यांचे उदाहरण पाहावे. १९२८ साली त्या मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांनासुद्धा सुनेचे हे जाणे पसंत नव्हते. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले. त्यांनी पाठिंबा दिला, आणि जिवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले. दोन वर्षांत डॉक्टरेट घेऊन इरावतीबाई परतल्या. ज्या संस्थेत वंशश्रेष्ठत्वाचा विचार बोकाळत होता, तेथेच बसून त्यांनी कवट्यांची मोजमापे घेतली आणि त्या विचारास आधार मिळत नाही, असा निष्कर्ष मांडला. त्यांनाही जर्मन भाषा लागली. पण ते कर्ज काढले गेले ते एका निश्चित प्रश्नाच्या उत्तरासाठी. मोठ्या माणसांचा विरोध नेहमीच बरोबर नसतो, हे यावरून दिसते. आणि जाणाऱ्याजवळ सांगण्याजोगे काम असले म्हणजे तो विरोध अखेर टिकत नाही, हेही दिसते.

तेव्हा बाईंनी आपल्या कन्येस एकच प्रश्न विचारावा: "तेथे जाऊन तू कोणाला काय विचारणार आहेस?" उत्तर फार भारदस्त असावयास नको. बोनकोड्याच्या जवळच ठाण्याची खाडी आहे. तेथे येणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी २०१५ साली अभयारण्य जाहीर झाले. स्पेनच्या दक्षिणेस फुएन्ते दे पिएद्रा नावाचे खारे सरोवर आहे. तेथे पूर्वी मीठ काढीत. आज तेथे रोहित पक्ष्यांची मोठी वीण होते. मिठागरे गेली, पक्षी राहिले, तर भोवतालच्या गावकऱ्यांचे काय झाले, हे आपल्या खाडीकाठच्या मुलीने जाऊन विचारण्यासारखे आहे. किंवा धुळे भागातील पांझरेकाठची फड पद्धत घ्या; पाण्याची वाटणी शेतकरीच आपसात करीत आले. स्पेनमध्ये मुर्सिया व वालेन्सिया येथे पाटाच्या पाण्याचे तंटे शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच तोडतात. युनेस्कोने २००९ साली त्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. वालेन्सियाचे पंच दर गुरुवारी चर्चच्या दाराशी बसतात. असा एखादा विषय कन्येच्या मनात असेल, तर तिची शिदोरी तयार आहे असे समजावे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. मुक्काम नव्वद दिवसांहून अधिक असेल, तर विद्यार्थ्याचा व्हिसा काढावा लागतो. त्यासाठी प्रवेशपत्र, निर्वाहाच्या पैशाचा पुरावा आणि आरोग्यविमा लागतो. तेथील गुण येथील पदवीत धरले जातील, अशी संमती आपल्या विद्यापीठाकडून जाण्यापूर्वी लेखी घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. बार्सेलोनाकडे कॅटलान भाषेचाही मोठा वापर असतो; निव्वळ स्पॅनिशसाठी सालामांकासारखे गाव बरे. इंग्रजी बोलणाऱ्या मुलींच्या घोळक्यात राहण्यापेक्षा कुटुंबात राहावे. आजींनी धास्ती घेऊ नये. परंतु आपण मांस, मासे, अंडी खात नाही, हे पहिल्याच पत्रात यजमानांना स्पष्ट कळवावे. कारण स्पेनमधील 'तोर्तिया' म्हणजे बटाटा घातलेला अंड्याचा पोळा, तर मेक्सिकोतील 'तोर्तिया' म्हणजे मक्याची भाकरी. एकच नाव, पण एक चालणार नाही आणि दुसरी चालेल. मसुराच्या आमटीतही मांसाचा तुकडा असू शकतो. रात्रीचे जेवण तेथे नऊ-दहाला होते, हीही सवय करावी लागेल.

कर्जाविषयी आमचे मत आजोबांकडे झुकते. केवळ एका सत्राच्या भाषाभ्यासासाठी कर्ज काढू नये. घरच्या शिलकीतून झेपेल तरच हा खर्च करावा. कन्येने या वर्षी येथेच दोन पायऱ्या चढाव्यात, 'देले'च्या परीक्षेस बसावे, आणि आपला प्रश्न एका पानावर मराठीत लिहून आजोबांच्या हाती द्यावा. दोन्ही गोष्टी तिने केल्या, तर तिची हौस वरवरची नाही हे घरास कळेल आणि पुढच्या वर्षी तिला आनंदाने पाठवावे. न केल्या, तर शिल्लक बँकेत सुखरूप राहील आणि थोडी स्पॅनिश फुकट पदरी पडेल. आजोबांनीही तेवढे करावे: तिचे ते पान आल्यावर प्रथम ते नीट वाचावे, मगच खर्चाचा आकडा विचारावा.