प्रश्न एक, विषय दोन. फेलोशिप कोणत्या खात्यावर?

पाटण तालुक्यातल्या देवरायांवर पीएचडी करू पाहणारी एक मुलगी अधूनमधून माझ्याकडे येते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असताना ती माझ्या वर्गात होती. तिचा प्रश्न मला पहिल्यांदा ऐकला तेव्हाच आवडला. राईतल्या जुन्या घुमटीच्या जागी गावानं सिमेंटचं देऊळ बांधलं, की भोवतीच्या झाडांचं काय होतं? आणि जीर्णोद्धार कुणाच्या आग्रहानं होतो? त्यात मुंबईकर मंडळींची वर्गणी येते, देवीला कौल लावल्याशिवाय फांदी न तोडण्याचा रिवाज येतो, मंडपासाठी गेलेले ऐन-हिरडे येतात, आणि उरलेल्या झाडांखाली नवी रोपं उगवतात की नाही हेही येतं. बुंध्याचे घेर मोजायला वनस्पतिशास्त्र हवं. मानकरी काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात हे कळायला मानववंशशास्त्र हवं.

एका विद्यापीठाच्या समितीपुढे तिनं आराखडा मांडला. लोकांच्या मुलाखतींचं प्रकरण काढा, हे बॉटनी नव्हे, असं तिला सांगण्यात आलं. समाजशास्त्राकडे गेली तर तिथं पदव्युत्तर पदवी विज्ञानाची म्हणून नोंदणीच होईना. आता ती झाडं मोजते आहे. देऊळ का बांधलं, हा भाग आराखड्यातून गेला. म्हणजे झाडं का गेली याचं उत्तरही गेलं.

तिच्यासारख्यांची अडचण समितीच्या दारापर्यंत येण्याआधीच सुरू होते. विज्ञानाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, हवी तर सीएसआयआरची नेट परीक्षा, मानव्य आणि सामाजिक शास्त्रांची हवी तर यूजीसीची नेट. दोन परीक्षा, दोन अभ्यासक्रम. २०२३च्या जानेवारीपासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढं ४२,००० रुपये झाली. ही वाढ चांगली झाली, तिचं मी मनापासून स्वागत करते. पण यूजीसीच्या नियमांत आकस्मिक खर्चाची वार्षिक रक्कमसुद्धा विषय पाहून ठरते: सुरुवातीच्या दोन वर्षांत विज्ञानाला १२,०००, मानव्य आणि सामाजिक शास्त्रांना १०,०००. गावोगाव राहून मुलाखती घेणाऱ्याचा खर्च प्रयोगशाळेतल्या मुलापेक्षा कमी का धरायचा, हे मला कधी पटलेलं नाही. आणि जी दोन्ही करते, तिनं कोणत्या रकान्यात बसायचं?

खेद वाटतो तो याचा, की महाराष्ट्रात अशा कामाची परंपरा मोठी आहे. देवरायांचंच घ्या. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या राया पायी हिंडून नोंदल्या, तेव्हा झाडांच्या यादीबरोबर देवतांची आणि श्रद्धांचीही नोंद केली. गवळी धनगरांवर गाडगीळांनी मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रांबरोबर काम केलं. डेक्कन कॉलेजनं शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं, त्यात जळलेलं धान्य, जनावरांची हाडं आणि घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुलं यांचा अभ्यास वेगवेगळ्या शाखांच्या माणसांनी केला. म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय पेरत होता आणि काय खात होता, हे आपण आज सांगू शकतो.

दामोदर कोसंबींचं नाव तर घ्यायलाच हवं. जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं १९४४चं सूत्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. तेच गृहस्थ फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना प्राचीन आहत नाणी तोलत होते. नाणं हातोहात फिरून किती झिजतं हे कळावं म्हणून त्यांनी चलनातली हजारो नाणी तोलली, आणि त्या झिजेवरून जुन्या नाण्यांचा क्रम लावला. इतिहास वाचण्याची ती नवी रीत होती.

यावर माझे काही सहकारी म्हणतात, कोसंबींना कुठे आंतरविद्याशाखीय फेलोशिप होती? ज्याच्यात धमक असते तो करतोच. हे मला मान्य नाही. कोसंबींचे वडील धर्मानंद पालीचे मोठे पंडित, मुलाचं शिक्षण हार्वर्डला. दुसरा विषय त्यांना घरातच भेटला. पाटणच्या मुलीला तो घरात भेटत नाही. तिला तो शिकावा लागतो, आणि शिकण्याच्या काळात खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे भरावे लागतात. फेलोशिप आहे ती नेमकी याचसाठी.

दुसरा आक्षेप मात्र मी गांभीर्यानं घेते. दोन विषयांच्या नावाखाली दोन्हींचं थोडंथोडं असलेले प्रबंध मी परीक्षक म्हणून वाचले आहेत. मुलाखती दहा-पंधरा, नमुने तेवढेच, आणि निष्कर्ष आधी ठरलेले. त्यावर उपाय दुसऱ्या विषयाची रीतसर तालीम हा आहे. फेलोशिपचं पहिलं वर्ष पूर्णपणे त्यासाठी द्यावं. वनस्पतिशास्त्राच्या मुलीनं वर्षभर मानववंशशास्त्राच्या विभागात बसावं, क्षेत्रकार्य शिकावं, तिथली परीक्षा द्यावी. ते वर्ष पीएचडीच्या मुदतीत धरू नये. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत आंतरविद्याशाखीय कामासाठी विभागाबाहेरचा सहमार्गदर्शक घेण्याची सोय आहेच. पण त्याला आराखड्यावर बरोबरीचा अधिकार हवा, आणि निवड समितीत दोन्ही विषयांची माणसं एकाच वेळी समोर बसलेली हवीत. एकानं नापसंत केलेलं प्रकरण दुसऱ्याला ऐकूच येत नाही, हे थांबायला हवं.

ही सुरुवात दिल्लीनंच करावी असं नाही. पीएचडीला फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्था इथंच आहेत: पुण्यात बार्टी आणि सारथी, नागपूरला महाज्योती. या संस्थांची फेलोशिप एका विषयापुरती बांधलेली नाही, आणि त्यांच्याकडे येणारी कितीतरी मुलं घरातली पहिलीच पदवीधर असतात. त्यांच्या प्रश्नांमध्ये शेती, पाणी, जात, आजार हे एकमेकांत गुंतूनच येतात, कारण घरी ते तसेच पाहिलेले असतात. प्रत्येक संस्थेनं पुढच्या जाहिरातीत थोड्या जागा अशा प्रश्नांसाठी ठेवाव्यात, अर्जात विषयाच्या रकान्याआधी प्रश्नाचा रकाना ठेवावा, आणि पैसे दर महिन्याला द्यावेत. सहा-आठ महिन्यांची थकबाकी एकदम मिळून उपयोग नसतो. राईतला फुलोरा हुकला तर वर्ष जातं.

आणि नोकरीचं काय? सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीत तिला विचारणार, तुमची पीएचडी नक्की कोणत्या विषयातली? छाननी समितीनं तिचा प्रबंध उघडून पाहावा आणि दोन्ही विषयांत तिला पात्र धरावं, एवढा आदेश राज्य सरकार काढू शकतं. तो निघाला, तर वगळलेलं प्रकरण आराखड्यात परत घालायला मी तिला उद्या सांगेन. आज सांगायला मी धजत नाही. तिच्या वडिलांची जमीन दीड एकर आहे.