शब्दांना कृतीचे तारण

१५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींवर झालेल्या हल्ल्यात ५१ जणांचे प्राण गेले. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी मारेकऱ्याचे नाव कदापि न उच्चारण्याचा निर्धार संसदेत व्यक्त केला. मृतांची नावे घ्यावीत, असे आवाहन केले. हल्लेखोराला हवी असते ती कुप्रसिद्धी. तीच त्यांनी नाकारली. मात्र त्या सांत्वनावर थांबल्या नाहीत. महिनाभरातच बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ११९ विरुद्ध १ मताने संमत केला. तारणाविना कर्जाचा भरवसा नसतो, तसाच कृतीविना आश्वासनाचा. म्हणून सुज्ञ वाचकहो, अशा प्रसंगी नेत्याच्या भाषणाचा आवेश पाहू नये. दुःखितांना आधार मिळाला का आणि पुढील हल्ल्याची वाट रोखली गेली का, एवढेच तपासावे.