गल्ला आणि नफा

‘एका कारखान्याची विक्री वर्षभरात २० टक्क्यांनी वाढली, कच्च्या मालाचा खर्च ३० टक्क्यांनी वाढला, इतर खर्च होता तेवढाच राहिला. निष्कर्ष : नफा घटला.’ या महिन्यात शिक्षकांकडून आमच्याकडे आलेल्या सराव-संचांपैकी दोन संचांत हा निष्कर्ष बरोबर ठरवला आहे. तो बरोबर नाही. विद्यार्थ्याची चूक त्याच्यापुरती राहते. शिक्षकाची चूक सगळ्या वर्गाच्या वह्यांत उतरते.

आकडे घालून पाहा. विक्री १०० लाख, कच्चा माल ४०, इतर खर्च ४०, नफा २०. पुढच्या वर्षी विक्री १२०, कच्चा माल ५२, इतर खर्च ४०. नफा २८, म्हणजे वाढला. आता विधान तेच ठेवा. फक्त कच्चा माल ७० आणि इतर खर्च २० धरा. नफा १०. पुढच्या वर्षी १२० मधून ९१ आणि २० गेले, उरले ९. म्हणजे घटला. मग नक्की हाती काय लागते? विक्रीच्या दर रुपयामागे कच्च्या मालाचा खर्च वाढला, एवढेच. आकडे कोणतेही घ्या, हे खरेच राहते. अनुमानाच्या प्रश्नात ‘निश्चित सत्य’ हा पर्याय अशाच वाक्यासाठी असतो. ‘नफा घटला’ याचे उत्तर ‘अपुरी माहिती’.

चूक होते ती बरीचशी बोलण्याच्या सवयीने. ‘यंदा धंदा चांगला झाला’ म्हणताना गल्ला भरला की हातात काही सुटले, हे आपण वेगळे करत नाही. वर्गात ते करावेच लागते. निफाडकडच्या कांदा उत्पादकाचा मुलगा समोर बसला असेल, तर बाजार समितीतली पट्टी फळ्यावर मांडा. वर मालाची रक्कम, खाली हमाली, तोलाई. मग पट्टीबाहेरचे बियाणे, औषधे, मजुरी, गाडीभाडे. भाव चढला तरी घरात पैसा उरलाच असे नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. ते परीक्षेतल्या विधानाशी जोडून द्यायचे काम आपले.

वाणिज्य शाखेच्या शिक्षकांना एक वेगळी विनंती. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, ही व्याख्या खुशाल वापरा. पण ‘जाहिरात केली की खप वाढतो’ हा अनुभव झाला. विधानात नसेल तर तो निष्कर्षात आणू नका.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत असे प्रश्न येणाऱ्या दुसऱ्या पेपरला पात्रतेसाठी ३३ टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. काठावरच्या मुलाला असे दोन प्रश्नही वर्षभर मागे टाकू शकतात.

म्हणून पुढील अंकासाठी नफा-तोट्यावरचे प्रश्न पाठवताना उत्तरासोबत प्रत्येक चुकीचा पर्याय खोटा पाडणारा एक हिशेबही जोडा. तो जोडलेला असेल तरच प्रश्न छापला जाईल.